तुम्ही व्हा पुढं

मार्गशीर्षातल्या एका रविवारी आम्ही जोतिबाला गेलो होतो. दर्शन झालं, गुलालानं सगळ्यांची डोकी गुलाबी झाली, आईच्या पिशवीत खोबऱ्याच्या वाट्या आल्या, आणि उतारावर लावलेल्या पजेरोपाशी आम्ही परत आलो. आप्पा नेहमीसारखे डावीकडच्या पुढच्या दाराशी गेले. दार उघडलं, आतली मूठ धरली, पायरीवर पाय ठेवला आणि अंग वर उचललं. अर्ध्यावरूनच पाय खाली आला. पुन्हा एकदा तसंच. त्या दुसऱ्या वेळी मुठीवरची त्यांची बोटं पांढरी पडलेली मला दिसली, आणि मी पटकन मागच्या दाराकडे वळून मुलाच्या चपला शोधायला लागले. आप्पांनी शर्ट खाली ओढला, टोपी नीट केली आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. मी येतो चालत त्या खालच्या वळणापर्यंत." कुणी काही बोललं नाही. आम्ही वळणावर जाऊन थांबलो. दहा मिनिटांनी आप्पा आले ते सरळ रस्त्याकडेच्या दगडी कट्ट्यावर, त्याच्या उतरत्या बाजूनं चढत गेले, आणि 'गाडी हिकडं चिकटव' म्हणून हातानं खूण केली. मी चिकटवली. घराच्या सोप्यातून माजघरात जावं तसे ते आत येऊन बसले. "चल," म्हणाले. खाली कुशिर्‍याच्या बाजूला ऊस हलत होता, उन्हात गुलाल उडत होता, आणि मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता.

त्याच दिवशी माझ्या पर्समध्ये एक कोटेशन होतं. पजेरोला यंदा मेमध्ये वीस वर्षं पूर्ण होतात. ठेवायची की काढायची, ठेवायची तर तिच्यावर किती खर्च करायचा, हे ठरवायची वेळ आली होती, आणि मी मनाशी ठरवलं होतं की ठेवायची आणि चांगली जोमदार करायची. नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, मागे लांब स्प्रिंग, पुढे टॉर्शन बार पिळून घ्यायचे, जाड खाचांचे टायर. सगळं मिळून गाडी होती त्याच्यापेक्षा उंच होणार होती.

दोन इंच.

त्या रात्री झोप लागेना तेव्हा एकेक गोष्ट आठवायला लागली. आमच्या फौंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, घरी निघताना आप्पा गेटपाशी न थांबता वजनकाट्याच्या रॅम्पवर जाऊन का उभे राहतात. मला वाटायचं, जुनी सवय, काट्यावरचं शेवटचं वजन बघत असतील. अंबाबाईच्या देवळाला जाताना "गाडी नको, रिक्षानं जाऊ, पार्किंगची कटकट" असं का म्हणतात. चुलतभावाच्या लग्नात मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांना लावूनच गाडी आण, असा निरोप मुलाकरवी का पाठवला. निदान वर्षभर तरी हा माणूस गावातले सगळे ओटे, कट्टे, रॅम्प मनात मांडून ठेवत होता, आणि मी गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स वाढवायला निघाले होते.

2006 मध्ये आप्पांनी ही गाडी घेतली तेव्हा घरात जवळजवळ भांडण झालं होतं. शिरोलीच्या एमआयडीसीतली आमची फौंड्री तेव्हा कुठे बाळसं धरत होती. आईचं म्हणणं, या पैशात दुसरी भट्टी येईल. आप्पांचं म्हणणं, भट्टी येईलच. टीव्हीवर त्यांनी डाकार रॅली बघितली होती, वाळवंटातली गाड्यांची शर्यत. 2001 पासून 2007 पर्यंत ओळीनं सात वेळा ती पजेरोनं जिंकली, एकूण बारा वेळा, हे आकडे त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ आहेत. पण त्यांना खरं भावलं ते वेगळंच. गाडी चेन्नईजवळ तिरुवळ्ळूरला जोडून यायची. तिच्याखाली ते आडवे झाले, टॉर्च मारून चासी बघितली, हातानं चाचपली, आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "काम केलंय." कास्टिंग ओतणाऱ्या माणसाच्या तोंडून याच्यावर दुसरी शाबासकी नसते.

त्या गाडीच्या डॅशबोर्डवर मधोमध तीन गोल घड्याळं आहेत. त्यातल्या मधल्यात एक छोटी गाडी काढलेली, आणि आपली गाडी कलेल तशी ती कलते. करूळ घाट उतरताना लहानपणी माझा भाऊ ते घड्याळ बघत आकडे ओरडायचा. पावसाळ्यात गगनबावड्याच्या पुढे धुकं इतकं दाट असायचं की पुढच्या एसटीचे मागचे दिवे तेवढे विझत्या निखाऱ्यासारखे दिसायचे. आप्पा न थांबता, चालत्या गाडीत, गिअरच्या शेजारचा छोटा दांडा सरकवायचे. खालून कुठूनतरी खट्ट असा आवाज यायचा आणि चारही चाकं रस्ता धरायची. तो खट्ट मला आजही पोटात कळतो. मी गाडी शिकले ती याच गाडीवर, आणि पहिल्यांदा एकटीनं भुईबावडा घाट उतरून वैभववाडीला गेले तेव्हा आप्पांनी फोन करून एकच प्रश्न विचारला होता, "उतरताना ब्रेक दाबत बसलीस का गिअरवर उतरवलीस?"

गेल्या पावसाळ्यात तोच घाट चढताना तापमानाचा काटा वर गेला. बॉनेट उघडलं तर रेडिएटरचा वरचा रबरी पाइप उभा चिरलेला. चूक माझीच. तो पाइप बदलायचा म्हणून मिस्त्रींनी दोनदा सांगितलं होतं. रस्त्याकडेच्या झऱ्याचं पाणी बाटल्यांनी भरून, पाइपाला जुनी ट्यूब गुंडाळून आम्ही कसेबसे गगनबावड्यापर्यंत आलो. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रींनी तो पाइप हातात घेऊन वाळक्या शेंगेसारखा मोडून दाखवला. "ताई, लोखंड लई जगतंय. रबर तेवढं जगत नाही."

गाडी काढा म्हणणाऱ्यांची बाजू कमकुवत नाही. पजेरो बनवणारी मित्सुबिशी कंपनी आता आपल्याकडे गाड्या विकत नाही, आणि 2021 मध्ये तर जपानमध्येही पजेरोचं उत्पादन थांबलं. ब्रेकचा एक भाग आम्ही शारजात राहणाऱ्या मामेभावाकडून मागवला, तो त्याच्या सामानातून आईच्या चकलीच्या रिकाम्या डब्यात बसून आला. सस्पेन्शनचे बुश उद्यमनगरात लेथवर करून घेतले. आपल्या गावाचं हे भाग्य आहे की नमुना हातात असला तर चार गल्ल्यांत कुणीतरी तो करून देतंच. पण दर वेळी नमुना हातात ठेवण्यासाठी आधी गाडी बंद पडावी लागते. सरकारचं म्हणणंही स्पष्ट आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांची, पर्यावरण कर वेगळा. 2025 च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाला 10,000 रुपये फी. भंगारात दिली तर नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये 25 टक्क्यांपर्यंत सूट मिळण्याची सोय धोरणात आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या एसयूव्हीवर सेससकट 50 टक्क्यांपर्यंत जाणारा कर 40 टक्क्यांवर आला, तेव्हा माझ्या भावानं पुण्याहून फोन करून, "आता तरी घे," म्हणून गळ घातली. मी हिशेब मांडला. त्या तोडीची चार चाकांना ताकद देणारी डिझेल गाडी, वर महाराष्ट्रात 20 लाखांच्या पुढच्या डिझेल गाडीला 15 टक्के रोड टॅक्स, सगळं धरून पन्नास लाखांच्या घरात. आमच्या गाडीला एका दलालानं बघताक्षणी दिलेली किंमत सव्वा लाख. बघताना तो दारावर बोटाच्या पेरानं टकटक करत होता, पुट्टी कुठं भरलीय ते ऐकायला. त्याचं ते कामच होतं. पण मला ते बघवेना, मी आत निघून गेले.

आणि एक गोष्ट अशी आहे की तिला माझ्याकडे उत्तर नाही. नोव्हेंबरात कावळा नाक्याच्या सिग्नलला मी उभी होते. सिग्नल सुटला, पाय जरा जोरात पडला, आणि आरशात दिसलं की मागच्या रिक्षात बसलेल्या शाळेच्या पोरानं टाय उचलून नाकावर धरला. आमच्या गाडीचा धूर. पीयूसी आहे, कागद बरोबर आहे, पण ही गाडी जुन्या नियमांतली. 2020 च्या एप्रिलपासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 डिझेल गाड्या आणि ही, यांच्या धुराची बरोबरी होऊच शकत नाही. भट्टीवर धूळ पकडणारी यंत्रणा बसवण्यासाठी मी बँकेचं कर्ज काढलं, कामगारांना मास्क लावा म्हणून रोज ओरडते, आणि रस्त्यावर माझ्याच गाडीमागचं पोर नाक झाकतं. सुरक्षेचंही तसंच. आजच्या गाड्या धडक सोसतात त्या रीतीनं वीस वर्षांपूर्वीच्या गाड्या बांधलेल्याच नसायच्या. मुलगा मागच्या सीटवर असतो तेव्हा हे माझ्या डोक्यातून जात नाही.

मग ठेवायची कशाला?

2019 चा ऑगस्ट. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची 43, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं. हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, गावं पाण्यात. प्रयाग चिखली, आंबेवाडीकडची माणसं बोटींतून बाहेर काढली जात होती. आप्पांनी गाडीत औषधं, बिस्किटांचे पुडे, चादरी भरल्या आणि मला म्हणाले, "तू चालव, मी रस्ता सांगतो." पाणी जिथून सुरू होत होतं तिथपर्यंत आम्ही गेलो. रस्ता हळूहळू तपकिरी पाण्यात उतरत नाहीसा झाला होता, पुढे फक्त विजेच्या खांबांची रांग. अंधार पडायला लागला आणि एक बोट अजून आत होती. आप्पांनी गाडी पुढे घ्यायला लावली. पुढची चाकं अर्धी पाण्यात गेल्यावर थांबवली, मधल्या गोल घड्याळावर नजर टाकली, आणि हेडलाइट मोठे करायला सांगितले. इंजिन चालू ठेवून आम्ही तिथे किती वेळ उभे होतो मला सांगता येणार नाही. प्रकाश पाण्यावर लांबवर पसरला होता, त्यात कडबा वाहत होता, एक प्लॅस्टिकची घागर गोल गोल फिरत होती. गाडीचा तो खोल घरघराट आणि बाकी सगळीकडे पाण्याचा आवाज. मग उजेडाच्या कडेला बोटीचं नारिंगी नाक दिसलं. एक म्हातारी उतरली, तिच्या काखेत कोंबडी होती. ती सगळ्यात आधी गाडीच्या बॉनेटला हात लावून पाया पडली. गरम बॉनेटवर तिच्या ओल्या हाताचा ठसा उमटला आणि बघता बघता वाळून गेला.

मला माहीत आहे की तिथे दुसरी कुठलीही मोठी गाडी उभी असती तरी उजेड पडलाच असता. तरीही.

आमच्या गावाला जुन्या गाडीचं वेड नवीन नाही. दसऱ्याला संध्याकाळी दसरा चौकात राजाराम महाराजांची मेबॅक येते, तेव्हा सोनं लुटायला जमलेली गर्दी आधी तिच्याकडे बघते. लहानपणी आप्पांच्या खांद्यावर बसून मी ती बघितली आहे. ती गाडी वर्षातून मोजक्या वेळा बाहेर निघते, राजवाड्यानं तिला जपलंय. आमची गाडी तशी जपण्याची वस्तू नाही. आम्हाला तिच्यातून वांगी-टोमॅटोच्या पाट्या, ओतकामाचे लाकडी पॅटर्न, पाहुणे, तापलेलं पोर असं सगळं न्यायचं असतं. रोजच्या शहरातल्या फेऱ्यांना लहान गाडी आहेच. जपायची म्हणून झाकून ठेवली तर ती वर्षभरात संपेल हेही मला कळतं. उभ्या गाडीचे सील वाळतात, टाकीत पाणी धरतं, उंदीर वायरी खातात.

जोतिबानंतरच्या आठवड्यात मी फौंड्रीतून मापाची टेप आणली आणि सगळे घरात असताना गुपचूप गाडीजवळ गेले. जमिनीपासून पायरी 16 इंच. जमिनीपासून गाडीच्या आतला, पाय ठेवायचा तळ 23 इंच. घरातल्या जिन्याची पायरी साडेसहा. दोन शोरूममध्ये जाऊन नव्या गाड्यांना टेप लावली, विक्रेत्या मुलानं आश्चर्यानं बघितलं, पण टेपचं दुसरं टोक त्यानंच धरलं. फरक होता तो इंच-दीड इंचाचा. म्हणजे पन्नास लाख देऊनही आप्पा त्या वळणापर्यंत चालतच जाणार होते. गुडघ्याच्या ऑपरेशनला त्यांनी डॉक्टरांना हात जोडून नकार दिला आहे, तो विषय घरात निघत नाही.

मी मिस्त्रींकडे गेले आणि कोटेशन परत केलं. उंची वाढवायची नाही. कायद्याच्या बाजूनंही ते प्रकरण सरळ नव्हतंच. कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही असं सुप्रीम कोर्टानं 2019 च्या जानेवारीत सांगितलेलं आहे, आणि पुढे मे महिन्यात मला याच गाडीला फिटनेससाठी उभी करायची आहे. पण हे कारण मी तोंडदेखलं पुढे केलं असतं तर तेही खोटं ठरलं असतं. खरं कारण त्या पांढऱ्या पडलेल्या बोटांत होतं. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, हात पुसला, आणि कागदाच्या मागच्या बाजूला नवीन यादी केली. मूळ उंचीचेच स्प्रिंग. सगळे बुश, बॉल जॉइंट. ब्रेकचं पूर्ण काम. सगळे रबरी पाइप एकदमच. आणि मी हट्टानं सगळ्यात वर लिहायला लावलेलं, डिझेल पंप आणि नोझल कॅलिब्रेशन. "धूर पूर्ण जाणार नाही, ताई," ते म्हणाले, "पण निम्मा तरी मी घालवतो." मी पाच वर्षांचं ठरवलं आहे, 2031 पर्यंत. त्याच्या पुढचं आज माझ्याच्यानं ठरवलं जात नाही. भाऊ अजून रागावलेला आहे आणि त्याचं पुष्कळसं बरोबर आहे.

राहिली पायरी. घडीची, खाली सोडता येईल अशी जादा पायरी फॅब्रिकेशनवाला दोन दिवसांत करून देतो म्हणाला. माप मला ठरवायचं होतं. आणि तिथे मी आठवडाभर अडकले. आप्पांना न सांगता करून बसवली तर त्यांना कळणार की मी बघितलं होतं. सांगून केली तर तेच. जोतिबाला मी चपला शोधायला वळले होते, आणि ते वळणं त्यांनी बघितलं असणार, हेही मला तेव्हाच कळलं होतं.

शेवटी एका दुपारी दुसरी पाळी सुरू व्हायच्या आधी मी पॅटर्न शॉपमध्ये गेले. आप्पा लाकडाच्या भुश्श्यात खुर्ची टाकून बसले होते, चष्मा कपाळावर, हातात कॅलिपर. "आप्पा, मी आलो," म्हटलं. वर न बघता त्यांनी मान हलवली. मी म्हणाले, "गाडीला खाली एक पायरी करायची हाय. उंची किती ठेवू?" कॅलिपर तसाच राहिला. बाहेर ट्रॉलीची चाकं रुळावरून घसटत गेली, मोल्डिंगकडून तापलेल्या वाळूचा वास आला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग चष्मा डोळ्यांवर ओढला, खुर्चीच्या हातांना रेटा देऊन उठले आणि भिंतीपाशी गेले. एक हात भिंतीला लावला आणि उजवा पाय हळूहळू वर उचलला. एक खेप थांबले. आणखी जरासा उचलला. तोंडावर काही दिसू न देता जिथपर्यंत जातोय तिथे तो धरून ठेवला.

"इथं खूण कर," म्हणाले.

मी गुडघ्यावर बसले. खडू चटकन सापडेना, शेवटी पॅटर्नवर नंबर टाकायचा पिवळा खडू मिळाला. त्यांच्या बुटाच्या तळव्याला लावून भिंतीवर आडवी रेघ मारली. टेप लावली. पावणेनऊ इंच. "साडेआठ ठेव," आप्पा पाय खाली घेत म्हणाले, "बूट भिजला की जड होतोय. आणि साधा पत्रा लावू नको, चेकर्ड प्लेट लाव, पावसात घसरतंय." मी खडूनं भिंतीवरच साडेआठ लिहिलं आणि त्याखाली डावी बाजू म्हणून बाण काढला. ते खुर्चीकडे निघाले होते, ते परत वळले आणि बाणाकडे बघत उभे राहिले. गाडीची किल्ली त्यांनी माझ्या हातात देऊन दीड वर्ष झालं.

"उजव्या बाजूलापण एक कर," म्हणाले.